लोखंड चावणारे मिस्त्री

मिस्त्री लोखंड चावत असत. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, आमच्या वर्कशॉपमध्ये आलेल्या प्रत्येक गिरणीवाल्याने ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे. चालू यंत्राच्या अंगाला मिस्त्री एक हातभर लांब सळई टेकवत, तिचं दुसरं टोक समोरच्या दातांत धरत, डोळे मिटून घेत आणि तसेच उभे राहत. शेट, हमाल, धान घेऊन आलेले लोक, सगळे गप्प होत. मग मिस्त्री सळई तोंडातून काढत, शर्टाच्या बाहीला पुसत आणि सांगत, "डाव्या अंगचा बुश गेला." किंवा, "पट्टा ढिला आहे, बाकी काई नाई." यंत्र खोललं की तसंच निघे.

गिरणीच्या यंत्राचं पातं कडक आहे की नरम, हेही ते असंच पाहत. पातं शिकंज्यात धरून एका हाताने त्याच्यावर कानस फिरवायची आणि सळईचं एक टोक पात्यावर, एक दातात. नरम लोखंडात कानस रुतते, तिचा आवाज खरखर येतो. कडक लोखंडावरून ती नुसती घसरते, बारीक किणकिण करते. एवढं तर कोणालाही कळतं. पण मिस्त्री सांगत, "धारेकडं कडक आहे, पाठीकडं नरम, मधात कुठी तरी जास्त तापलं होतं." यामुळे आसपासच्या सगळ्या गिरण्यांत त्यांचं नाव होतं. लोक म्हणत, मिस्त्री कानाचा पक्का. सळई चावण्यावरून हसतही. कोणी म्हणे, "का गा मिस्त्री, घरी भात नाई भेटत का?" मिस्त्री उत्तर देत नसत. त्यांची बायको दुपारी डबा घेऊन येई आणि दारातूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणे, "लोखंडाचं सारं ऐकते हा मानूस, माह्यं एक नाई ऐकत." लोक आणखी हसत.

आमचं वर्कशॉप सिंदेवाहीकडून मूलकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. भोवती धानाची शेतं, त्यांच्यामागे जंगल. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता, पण वैनगंगेपलीकडच्या गिरण्याही दुरुस्तीला आमच्याकडेच येत. आत एक लेथ, एक भाता, एक धार लावायचं चाक, आणि मागच्या पडवीत आम्हा बायांचं लेपाचं काम. छप्पर पत्र्याचं होतं आणि त्याला चाकाच्या बरोबर वर एक भोक होतं. मी यायच्या आधी एक चाक फिरता फिरता फुटलं होतं, त्याचा तुकडा तिथून गेला होता. मिस्त्रींनी ते भोक कधी बुजवलं नाही. पाऊस आत येई, खाली बादली ठेवत. कोणी विचारलं तर म्हणत, "राहू दे. वरतं पाह्यलं की चाक कसं लावाचं ते आठोते."

मी तिथे कशी लागले, तेही त्यांच्या एका सवयीमुळेच. मिस्त्रींना कुठलीही वस्तू दिसली की ती ओरखडून पाहायची सवय होती. नखाने, नाही तर खिशातल्या डबीतल्या सामानाने. त्या डबीत तांब्याचा जुना पैसा, खिळा, काचेचा तुकडा, कानशीचा तुकडा आणि वैनगंगेतली एक पांढरी गारगोटी असे. "कोन कोनाले ओरखडते, एवढं समजलं तं दुनिया समजली," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. काचेने खिळ्यावर रेघ उठते, गारगोटीने काचेवर उठते, उलट केलं तर उठत नाही. स्वतःच्या मुलीचं लग्न ठरवायला गेले तेव्हा व्याह्यांच्या नव्या घरात बसल्या बसल्या त्यांनी फरशीवर खिळ्याने रेघ मारून पाहिली आणि म्हणाले, "नरम आहे. लवकर चट्टे पडंल." व्याही पुढे किती दिवस बोलले नाहीत. मिस्त्रींना त्यात काय चुकलं ते शेवटपर्यंत समजलं नाही. ते म्हणत, "मी त्याहिले आधीच सांगून टाकलो, तं वाईट का केलो?"

तर हे मिस्त्री एकदा आमच्या वस्तीतून चालले होते. बुद्धविहारासमोर आमचं घर. मी ओटा नुकताच सारवला होता आणि तो वाळला होता. मिस्त्री थांबले, वाकले आणि ओट्याला नखाने ओरखडलं. मग अंगठा फिरवला. माझी सासू दारात होती.

"हे कोनं सारवलं?"

"सुनेनं. काऊन?"

"तिले वर्कशॉपात पाठवा. दगडावर लेप द्याचा राह्यते. हात बरोबर आहे तिचा."

"ते नाई जमाचं बाप्पा. ती कोनासंगं बोलत नाई."

"दगडासंगं का बोलाचं आहे?" मिस्त्री म्हणाले आणि निघून गेले.

सासू खरं तेच सांगत होती. माझा आवाज निघत नसे. शाळेत गुरुजी म्हणत, उभी राहून बोल. मी उभी राहत असे. चौथीनंतर तेही संपलं. विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना माझे ओठ हलत, पण शेजारी बसलेल्या बाईलाही काही ऐकू जात नसे. घरात मी काही बोलले तर "का म्हनली?" असं दोनदा विचारत आणि तिसऱ्यांदा विचारायचं सोडून देत. वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली ती मला फार मोठी वाटली. इंजिन चालू होतं, पलीकडे घण पडत होता. मी मिस्त्रींसमोर जाऊन, हात कुठे धुवायचे, एवढं विचारलं. मला स्वतःलाही ते ऐकू आलं नाही. मिस्त्रींनी लगेच सांगितलं, "मांगं, टाक्यावर."

घरी जाताना मी तेच आठवत गेले. जगात एक माणूस निघाला, ज्याला माझं पहिल्यांदा बोललेलं समजलं.

लेपाचं काम थोडं सांगते. तांदूळ पांढरा करायच्या यंत्रात एक लोखंडी ढोल असतो, वर रुंद, खाली अरुंद. त्याच्यावर एमरी नावाच्या फार कडक दगडाच्या काळ्या दाण्यांचा जाड लेप असतो. तो लेप तांदळाला घासतो आणि कोंडा काढतो. हंगाम संपता लेप झिजतो, मग नवा द्यायचा. एमरीचे दाणे, एक पांढरी पूड आणि खारं औषधपाणी मळून हाताने थापायचं, लाकडी पट्टीने सारखं करायचं, वाळू द्यायचं. गिरणीवाले त्याला दगडच म्हणतात.

मी पहिला दगड अगदी जीव लावून केला. ओट्यासारखा पक्का व्हावा, एक दाणा निघू नये म्हणून पूड थोडी जास्त घातली. तो दगड गिरणीत गेला आणि थोड्याच दिवसांत परत आला. पाट्यासारखा गुळगुळीत झाला होता. तांदूळ गरम होऊन नुसती कणी पडत होती. मला वाटलं, आता घरी पाठवतील. मिस्त्रींनी दगडावर माझाच हात धरून फिरवला.

"एक बी दाना निघाला नाई. पाह्यलं?"

मी मान हलवली.

"म्हनून बिघडला. दाना बोथट झाला की त्यानं निघून जाव, तं मांगचा दाना समोर येते. तू त्याले असा आवळून धरला का तो बिचारा बोथट होऊन बी तिथीच बसला. दगडाले झिजता आलं पाह्यजे, बाई. जो झिजत नाई तो दगड कामाचा नाई."

धार लावायच्या चाकाचंही तेच, हे त्यांनीच समजावलं. कडक पात्याला नरम चाक लावायचं आणि नरम लोखंडाला कडक चाक. मला हे उलटं वाटे. पण कडक पातं चाकाचे दाणे लवकर बोथट करतं, म्हणून त्या चाकाने दाणे लवकर सोडले पाहिजेत. नाही तर घासणं होत नाही, नुसती गरमी होते, पात्याची धार निळी पडते आणि तिचा कडकपणा जातो. मिस्त्रींना निळं पडलेलं पातं दिसलं की ते जेवण सोडून उठत. लेथवर काम करणारे भाऊ एकदा घाईत असं पातं जाळून बसले, तर मिस्त्रींनी ते त्यांच्या टोपीत ठेवून दिलं. "डोक्शावर घेऊन फिर. जड लागन तं आठोन राहीन."

आता ती शाफ्टची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून समजेल. एक शेट होते. तोंडात सदा पान, बोलायला फटकळ, पण मनाचे मोकळे. त्यांच्या गिरणीचा मुख्य शाफ्ट, म्हणजे ज्या दांड्यावर सगळं फिरतं तो, मधोमध खाल्लेला निघाला. शाफ्ट पोलादाचा. तो ज्या पितळी बुशात, म्हणजे आखूड नळीत, फिरतो, तो बुश मात्र जवळजवळ नव्यासारखा. लेप द्यायच्या ढोलाचं माप घ्यायला मिस्त्री मलाही घेऊन गेले होते. शेटनी शाफ्टवर हात आपटला.

"पोलाद म्हनून देलतं ना मले? पितळेनं पोलाद खाल्लं गा! आता उद्या लोनी सुरीले कापंल!"

मिस्त्रींनी बुश उचलला आणि उन्हात नेला. तिरपा धरला. पितळेत बारीक बारीक काहीतरी चमकत होतं.

"अंगठा फिरवा, शेट."

शेटनी फिरवला. "खरखर लागून राह्यलं."

"रेती आहे. धानासंगं आली. पितळ नरम, म्हनून दाना त्याच्यात रुतून बसला. शाफ्ट कडक, तिथी त्याले बसाले जागाच नाई. मंग तो इथी बसते आन् तिथी खाते."

शेटनी जरा विचार केला. "म्हंजे बसला पितळेच्या मांडीवर आन् जेवला पोलादाच्या ताटात!"

"हाव. तसंच."

शेट पान सांभाळत एवढे हसले की ठसका लागला. मिस्त्रींनी बुशाच्या तोंडाशी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या बसवल्या, रेती आत जाऊ नये म्हणून. पुढे शेट ही गोष्ट ज्याला त्याला सांगत, जणू त्यांनीच शोधून काढली. मिस्त्रींना त्याचं काही वाटत नसे.

नंतर एक दिवस बत्ती गेली. इंजिनही बंद होतं. वर्कशॉपमध्ये अशी शांतता क्वचितच होई. लेथवाले भाऊ बाहेर चहाला गेले होते, बाया पडवीत. मिस्त्री एमरीच्या पोत्यांपाशी पाठमोरे वाकले होते आणि मी त्यांच्या मागे उभी होते. ज्या पोत्याला ते हात घालणार, त्याच्या घडीत मला विंचू दिसला. काळा, मोठा.

मी ओरडले. मी, जिचा आवाज निघत नाही ती. "मिस्त्रीभाऊ, हात काढा!"

मिस्त्रींचा हात पुढेच गेला. मी आणखी मोठ्याने ओरडले. पडवीतल्या बाया धावत आल्या. मिस्त्रींनी मान वळवली नाही. मी पुढे जाऊन त्यांचं मनगट धरलं, तेव्हा ते दचकले. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोत्याकडे. फावड्याने विंचू उचलून बाहेर टाकला. बाया परत गेल्यावर ते पोत्यावर बसले.

"किती जोरात ओरडली होती तू?"

"खूप."

"रस्त्यावर गेलं असंल?"

"गेलं असेल."

ते बराच वेळ डबीशी चाळा करत राहिले. "घनाच्या आवाजानं कान गेले, बाई. हळूहळू गेले. पह्यले चिमन्या गेल्या. मंग बायको."

"कोणाला माहीत आहे?"

"तिले. आन् आता तुले."

तेव्हा मला समजलं की त्यांची बायको दारातून जे मोठ्याने म्हणायची, ते त्यांच्यावर पांघरूण होतं. लोकांना वाटावं की माणूस हट्टी आहे, ऐकत नाही. बहिरा आहे असं कोणाच्या मनात येऊ नये. आणि ते लोखंड का चावत, तेही समजलं. कानाने जाणारा आवाज जात नव्हता, पण दातातून हाडात आणि हाडातून आत कुठेतरी अजून जात होता. त्या रात्री मी घरी पळी पातेल्याला टेकवली, दुसरं टोक दातात धरलं आणि पातेल्यावर बोट मारलं. डोक्यात घंटा वाजल्यासारखं झालं.

आणखी एक गोष्ट समजली, तिने मात्र मन थोडं खट्टू झालं. त्यांनी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता. ते माझे ओठ पाहत होते. बाकीचे लोक आवाजाची वाट पाहत, आणि तो येत नसे. यांना आवाजाची गरजच नव्हती.

मी कोणाला सांगितलं नाही. तशीही मी कोणाला काही सांगत नसे. पण भीती मला तेव्हापासून वाटू लागली. लोकांना कळलं तर? मिस्त्रींच्या नावातच कान होता. गिरणीवाले नागपूरहून, गोंदियाहून मिस्त्री आणतील, आणि हा माणूस यंत्राशिवाय काय करील? त्यांना दुसरं काही येत नव्हतं. सणाच्या दिवशीही ते घरी अस्वस्थ फिरत आणि दाराची कडी ओरखडत बसत.

लोखंड चावून दात जातील, हे मिस्त्रींनी आधीच ओळखलं होतं. म्हणून सळईच्या टोकाला त्यांनी स्वतः लेथवर पितळेची एक टोपी करून बसवली होती. फार सुबक टोपी. त्याचा त्यांना अभिमान होता. मला म्हणाले, "दात पितळेपेक्षा कडक. झिजंल तं पितळ झिजंल. पितळ मी दुसरं लावीन, दात कुठून लावू?"

तरीही त्यांचे समोरचे दात आखूड होत चालले होते. वरच्या दोन दातांना तर खाच पडली होती, जशी सुतळी घासून घासून लाकडाला पडते. मी समोरून बोलत असे म्हणून मला दिसे. पोळ्याच्या सुमारास मी अवजारं धूत होते. सळई हातात आली. टोपी उन्हात फिरवली आणि माझा हात थांबला. इतकी वर्षं चावलेली टोपी, पण तिच्यावर दाताचा खोल असा वण नव्हता. आणि पितळेत बारीक बारीक चमकत होतं.

मी ती मिस्त्रींकडे नेली. फक्त उन्हात तिरपी धरली आणि त्यांचा अंगठा तिच्यावर ठेवला.

एमरी होती. वर्कशॉपभर तिची धूळ उडत असे. ती पितळेत रुतून बसली होती आणि मिस्त्रींचे दात खात होती.

मिस्त्री अंगठा फिरवत राहिले. मग जिभेने स्वतःचे दात चाचपले. मला वाटलं, आता हे रागावतील. पण ते हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले, डोळ्यांतून पाणी आलं. "शेटच्या गिरनीत दिसलं," ते म्हणाले, "माह्याच तोंडात नाई दिसलं!"

मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली, पण स्वतःची चूक सापडली म्हणून इतकं आनंदाने हसणारा दुसरा कोणी पाहिला नाही. त्यांनी ती टोपी फेकली नाही. डबीत गारगोटीशेजारी ठेवली. नवी टोपी केली, ती ते रोज धुऊन फडक्यात बांधून ठेवत. पण उशीर झाला होता. दात मुळातून हलले होते. दिवाळीपर्यंत समोरचे सगळे पडले. मिस्त्री हिरड्यांनी सळई धरत, पण मऊ हिरडीतून काही नीट पोचत नसे. ते अंदाजाने सांगू लागले. अनुभव मोठा होता, म्हणून अंदाज बहुतेक खरे ठरत. मला मात्र त्यांच्या डोळ्यांत दिसे की हे आता ऐकत नाहीत, आठवून सांगत आहेत.

आणि नवं धान आलं. गिरण्यांचा हंगाम सुरू झाला, तेव्हाच आमचं धारेचं चाक झिजून संपलं. नवं चाक नागपूरहून छोट्या लाइनच्या गाडीने आलं. अंगणात गिरणीवाले आपापली पाती घेऊन बसले होते, पान खाणारे शेटही होते. धार लागल्याशिवाय त्यांच्या गिरण्या चालणार नव्हत्या.

नवं चाक लावण्याआधी वाजवून पाहावं लागतं. चांगलं चाक काशाच्या थाळीसारखं वाजतं. आत तडा असेल तर बद्द आवाज येतो. तडा डोळ्यांना दिसत नाही, पण ते चाक वेगाने फिरलं की फुटतं. छपराचं भोक तसंच पडलं होतं. मिस्त्रींची रीत अशी, की दोन टेबलांवर पहार आडवी ठेवायची, चाक मधल्या भोकातून तिच्यावर लोंबतं ठेवायचं, पहारेचं टोक दातात धरायचं आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने चाकावर मारायचं.

सगळे भोवती जमले. लेथवाले भाऊ बाहेर इंजिनाला तेल देत होते, आणि चाक लागलं की तेच त्याच्यासमोर उभे राहणार होते. मिस्त्रींनी पहार हिरड्यांत धरली. डोळे मिटले. मूठ मारली.

बद्द.

मला स्पष्ट ऐकू आलं. वाजणाऱ्या थाळीवर कोणी बोट ठेवावं तसं. मी बाकीच्यांकडे पाहिलं. कोणाला काही वाटलं नव्हतं. सगळे मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांना सवयच लागली होती. आवाज ऐकायचं काम मिस्त्रींचं, आपण फक्त ते काय म्हणतात ते पाहायचं.

मिस्त्रींनी बाजू बदलून पुन्हा मूठ मारली. पुन्हा तेच. त्यांनी डोळे उघडले, पहार तोंडातून काढली आणि म्हणाले, "लावा."

शेट म्हणाले, "चला, लावा लवकर." कोणीतरी लेथवाल्या भाऊंना हाक मारली. ते हात पुसत आत आले आणि चाक उचलायला वाकले.

ओरडावं तर सगळ्यांना कळणार, की बाईला ऐकू आलं ते मिस्त्रींना आलं नाही. आणि गप्प राहावं तर हे भाऊ त्या चाकासमोर उभे राहणार. मी माणसांतून वाट काढली आणि मिस्त्रींच्या बरोबर समोर जाऊन उभी राहिले, इतकी जवळ की त्यांना माझ्याकडे पाहावंच लागलं. मग मी आवाज न काढता, फक्त ओठांनी म्हटलं, "फुटकं आहे."

मिस्त्री माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी पुन्हा म्हटलं, "फुटकं आहे. बद्द वाजलं."

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "ठेव खाली ते. फुटकं आहे."

"आत्ताच तं लावा म्हनला गा!" शेट म्हणाले.

"दोनदा इचारल्याशिवाय चाक खरं नाई सांगत."

त्यांनी रॉकेल मागवलं, चाकाला लावलं, पुसलं आणि वरून पांढरी रांगोळी भुरभुरवली. सगळे वाकून पाहू लागले. हळूहळू रांगोळी एका रेघेवर ओली होत गेली. केसासारखी बारीक रेघ, मधल्या भोकापासून जवळजवळ कडेपर्यंत. लेथवाले भाऊ ती बघून तिथेच उकिडवे बसले. मग त्यांनी वर छपराकडे पाहिलं.

"वा रे मिस्त्री!" शेट म्हणाले. "कान आहे की का आहे!"

सगळे असंच काही म्हणू लागले. झाकलेलं झाकलेलंच राहिलं होतं. मला हायसं वाटलं. पण मिस्त्री त्यांच्यासारखे हसत नव्हते. ते चाकावरच्या रेघेकडे बघत होते आणि नंतर, चाक लावायला वाकलेले भाऊ जिथे उभे राहणार होते त्या जागेकडे.

"माह्ये कान गेले आहेत, शेट," ते म्हणाले.

लोकांना वाटलं थट्टा आहे.

"लय वर्षं झाले. दातानं ऐकत होतो. आता दात बी गेले. हे चाक मले नाई समजलं. या बाईले समजलं. आजपासून चाक बाई वाजवंल."

त्यांची बायको डबा घेऊन दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. काही गिरणीवाले त्यानंतर खरंच आले नाहीत, त्यांनी दुसरीकडचा मिस्त्री धरला. शेटनी मात्र पान थुंकलं आणि म्हणाले, "मले मिस्त्रीचे कान घिऊन का कराचं आहे? माही गिरनी चालली पाह्यजे." आणि पाती तिथेच ठेवून गेले.

दुसरं चाक आलं तेव्हा लाकडी मूठ माझ्या हातात होती. मी मारली. चाक छान वाजलं, बराच वेळ वाजत राहिलं. सगळे आता माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, चांगलं आहे.

"का म्हनली?" शेट म्हणाले. "ऐकू नाई आलं, बाई."

मी पुन्हा म्हटलं. कोणालाच ऐकू गेलं नाही. तेव्हा कोपऱ्यात उभे असलेले मिस्त्री, ज्यांना त्या सगळ्या माणसांत एकट्यालाच कान नव्हते, ते मोठ्याने म्हणाले, "चांगलं आहे म्हनते ती. लावा."

तेव्हापासून आमचं असंच चाललं. गिरणीत गेलो की सळई मी कानाला लावत असे. जे ऐकू येई ते मिस्त्रींकडे तोंड करून आवाजाशिवाय सांगत असे. किणकिण आहे, घासतंय, ठोका चुकतोय. मिस्त्री त्यावरून काय बिघडलं ते ओळखत आणि सगळ्यांना मोठ्याने सांगत. नव्या माणसाला हे पाहून हसू येई. "बहिऱ्याले मुकी सांगते," असं कोणीतरी म्हणालं, ते मी मिस्त्रींना सांगितलं नाही. त्यांनी त्याच्या ओठांवरून वाचलं असणारच. त्यांनी डबीतून गारगोटी काढली, त्या माणसाच्या हातातल्या घड्याळाच्या काचेवर रेघ मारली आणि म्हणाले, "नरम आहे."

मिस्त्री गेले ते उन्हाळ्यात, गिरण्या बंद असताना. त्यांच्या बायकोने ती डबी मला दिली. जुनी पितळी टोपी तिच्यात अजून आहे. उन्हात धरली की चमकते.

पुढच्या हंगामात चाक आलं. वर्कशॉप आता लेथवाले भाऊ पाहत होते. शेट होते, पान होतं. पहार दोन टेबलांवर आडवी ठेवली. छपराच्या भोकातून उन्हाचा गोल जमिनीवर पडला होता. मी मूठ मारली, चाक वाजलं, आणि मी सवयीने कोपऱ्याकडे तोंड करून ओठ हलवले.

कोपऱ्यात कोणी नव्हतं.

"का म्हनली, बाई?" शेटनी हळूच विचारलं. "आता सांगनारा नाई."

मी त्यांच्याकडे वळले. चाक अजून वाजत होतं, ते थांबेपर्यंत थांबले.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "लावा."

"हाव," शेट म्हणाले. "ऐकू आलं."